पिन बसली म्हणजे झालं?
(सोसायटीच्या हॉलमध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर)

गणपतीत ऐन आरतीच्या वेळी कॉर्डलेस माईकचा रिसीव्हर मुका झाला होता, आठवतंय ना? तो मी जाळला. मूळ ॲडॅप्टर सापडेना, म्हणून घरच्या राउटरचा आणून लावला. पिन अगदी घट्ट बसली. रिसीव्हर ९ व्होल्टचा, ॲडॅप्टर १२ चा! वास आला तेव्हा कळलं. आरती झांजांवर झाली. मला कोणी बोललं नाही, पण पैसे वर्गणीचे होते.

तेव्हापासून मी आधी यंत्रामागचं लेबल वाचतो. व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत. मिलिअँपिअरचं तसं नाही. यंत्राला ५०० हवेत आणि ॲडॅप्टर १००० चा असला तरी चालतं, कारण यंत्र लागेल तेवढाच करंट घेतं. कमी असेल तर मात्र ॲडॅप्टर तापतो. आउटपुट एसी की डीसी, तेही बघा. काही छोट्या मिक्सरना एसीच लागतं.

सगळ्यात फसवी ती पिन. लेबलवर छोटं चित्र असतं : मधे ठिपका, भोवती अर्धवट वर्तुळ, दोन्हीकडे अधिक-उणे. ठिपक्याला जोडलेली खूण ती पिनच्या आतली बाजू. बऱ्याच यंत्रांत आत अधिक असतं, पण काही कीबोर्डांत उणे. उलटं लावलं तर यंत्र कायमचं जाऊ शकतं.

अमेरिकेहून मुलांनी आणलेल्या वस्तूंचं वेगळंच. ॲडॅप्टरवर ‘इनपुट १००-२४०’ असेल तर खुशाल लावा. नुसतं १२० असेल तर प्लगचा आकार बदलून भागत नाही, आपल्याकडे २३० आहेत.

नवा घेताना त्यावर बीआयएसची खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा नंबर शोधा. तो बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. दुकानात उभ्या उभ्या होतं. लावल्यावर स्पीकर घुरघुरला तर लगेच यंत्राला दोष देऊ नका, आधी दुसरा ॲडॅप्टर लावून बघा. आणि आपल्या खाऱ्या हवेत पिनेवर हिरवट थर चढतो, तोही पावसाळ्यानंतर पाहत जा. विजा कडाडायला लागण्याआधीच प्लग काढलेला बरा.

हॉलच्या कपाटात आता प्रत्येक ॲडॅप्टरला रंगीत चिकटपट्टी आहे, त्याच रंगाची त्याच्या यंत्राला. नवा रिसीव्हर हिरवा. किल्ली सेक्रेटरींकडे असते.