बिनतारी तार कां तुटते?

मांडीचें हाड मोडल्यापासून आमच्या सौभाग्यवतींचें जग एका खोलीपुरतें उरलें आहे. संध्याकाळचें कीर्तन हीच त्यांची करमणूक. तें दूरचित्रवाणीच्या पाठीस खोंचलेल्या एका बोटभर यंत्रानें वायफायवरून येतें. पण रोज साडेआठाला तें नेमकें थांबे. मीं यंत्र बंद-चालू केलें, परवलीचा शब्द पुन्हां घातला, दुकानदारास चार शब्दही सुनावले.

अशा वेळीं प्रथम घड्याळ पाहावें, हें मला फार उशिरां सुचलें. त्याच वेळीं सूनबाई मायक्रोवेव्हमध्यें दूध तापवीत असे! त्या भट्टीच्या लहरी सुमारें २.४५ गिगाहर्ट्झच्या, आणि आमचें वायफाय २.४ च्या पट्ट्यांत. भट्टीची किंचित गळती अपायकारक नसते. पण राउटरची क्षीण हांक बुडविण्यास ती पुरते.

राउटरमध्यें ५ गिगाहर्ट्झचाही पट्टा होता. यंत्र त्यावर नेलें. मात्र या लहरी भिंतींत लवकर विरतात, आणि आमच्या वाड्याची भिंत दीड हात जाड! म्हणून राउटर माजघराच्या फडताळांतून काढून खोलीच्या दारासमोर टांगला. यंत्रही संचाच्या धातूआड न ठेवतां आखूड जोडतारेनें बाजूस घेतलें.

आतां दूधही तापतें, कीर्तनही चालतें. दुकानदाराकडे जावयाचें मात्र अद्याप राहिलें आहे.