काढा कोटीपोटातून जातो



दरेकसा म्हटलं की मुंबई–हावडा मार्गावरच्या प्रवाशाला बोगदा आठवतो आणि गोंड समाजाला कचारगड. माघ पौर्णिमेला त्या गुहांकडे माणसांची रीघ लागते. ढोरांच्या डॉक्टराला मात्र इथं आणखी काही दिसावं: हिरडा, करंज, भुईनीम, आणि या पाल्याच्या भरवशावर कळप राखणारा गायकी. वनस्पतींतल्या विषाणूरोधक घटकांवरची ही सभा शहरातल्या सभागृहात न भरता इथं भरली, हे बरं झालं. अध्यक्षानं अशा वेळी काढ्याचं कौतुक करावं अशी अपेक्षा असते. ती आज अर्धीच पूर्ण होईल.

लंपी चर्मरोग भारतात पहिल्यांदा २०१९ साली ओडिशात आढळला. पुढच्याच वर्षी तो शेजारच्या गडचिरोलीत, सिरोंच्यात पोहोचला आणि २०२२ मध्ये राज्यभर पसरला. शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचली जात होती, त्याच काळात राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाची घरगुती कृतीही गावोगाव गेली: दहा विड्याची पानं, दहा ग्रॅम मिरी, दहा ग्रॅम मीठ, गुळात कालवून पहिल्या दिवशी दर तीन तासांनी. गाय चरायला लागली की श्रेय विड्याच्या पानाला.

घोळ इथंच होतो. लंपी झालेली बहुतेक जनावरं नुसत्या शुश्रूषेनंही उठतात. दहाच्या दहा उठली, तरी पानाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. पान न दिलेली, त्याच गावची, त्याच वयाची दहा ढोरं शेजारी मोजावी लागतात, आणि ती सहसा कुणी मोजत नाही.

प्रयोगशाळेतली गोष्ट वेगळी, पण तितकीच फसवी. हिरड्यातली टॅनिनं प्रथिनांना चिकटतात. काचेच्या भांड्यात ती विषाणूला चिकटली की तो पेशीत शिरत नाही आणि शोधनिबंध तयार होतो. पण ती समोर येईल त्या प्रथिनाला चिकटतात, पेशीचंही सोडत नाहीत. म्हणून विषाणू किती मात्रेला थांबला, यासोबत पेशी किती मात्रेला मेली हा आकडाही हवा. या दोन आकड्यांत भरपूर अंतर असेल, तरच पुढं बोलावं.

आणि पुढं गाय आहे. काचेच्या भांड्याला कोटीपोट नसतं. गाईच्या कोटीपोटातल्या एका मिलिलिटर रसात हजार कोटींच्या घरात जीवाणू असतात. काढा रक्तात पोहोचण्याआधीच ते त्याची मोडतोड सुरू करतात. हळदीतलं कर्क्युमिन तर माणसाच्या आतड्यातूनही नीट शोषलं जात नाही. उंदरावरची मात्रा वजनाच्या हिशेबानं गुणून गाईला लावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

विषाणूही सगळे एका साच्यातले नाहीत. लंपीच्या विषाणूभोवती स्निग्ध आवरण असतं. रिठ्यासारखा फेस करणारी सॅपोनिनं ते फोडू शकतात. तोंडखुरी-पायखुरीच्या विषाणूला असं आवरणच नाही, त्याच्यापुढं फेस काय करणार? गंमत अशी, की त्याच रोगाच्या अनेक लशींमध्ये चिलीतल्या क्विलाजा झाडाच्या सालीचं सॅपोनिन घातलेलं असतं. ते विषाणूला हात लावत नाही, गाईची प्रतिकारशक्ती जागी करतं. वनस्पतीनं पशुवैद्यकाला दिलेलं हे सगळ्यात भक्कम दान, आणि ते सुईतून जातं, काढ्यातून नव्हे.

गुरांची बुळकांडी लसीकरणानं संपली. २०११ मध्ये ती जगातून हद्दपार झाल्याचं जाहीर झालं. म्हणून पाला टाकाऊ ठरत नाही. लंपीच्या जखमांवर हळद, कडुनिंब, तिळाचं तेल लावल्यानं माश्या दूर राहत असतील, अळ्या पडत नसतील, तर जनावराचा जीव वाचायला तेही कारण होऊ शकतं. त्याला विषाणूरोधक म्हणायची घाई कशाला?

एक अवघड मुद्दा उरतो. पाल्याचं हे ज्ञान ज्याचं आहे त्याचं नाव कागदावर येत नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं लाभात वाटा सांगितला आहे, पण वाटा मागायला आधी नोंद लागते.

त्यासाठी दुपारच्या सत्रात नोंदवहीचा कोरा नमुना वाटला जाईल. कुठला भाग, कुठल्या महिन्यात तोडला, किती दिला, न दिलेली ढोरं किती, असे रकाने त्यात आहेत. पहिला रकाना झाडाच्या गोंडी नावाचा आहे.