घट खरी कशावरून?

गावात नवी आरोग्य योजना आली आणि दोन वर्षांत बालमृत्यू कमी झाले, तर श्रेय योजनेचंच का? त्याच काळात पक्का रस्ता झाला असेल, पीकपाणी बरं झालं असेल किंवा मृत्यूंची नोंदच नीट झाली नसेल. बदल उपायामुळेच झाला असं छातीठोकपणे सांगता यावं, इतकी अभ्यासाची आखणी पक्की असणं म्हणजे 'अंतर्गत वैधता'.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९३ मध्ये सुरू केलेल्या प्रयोगात ही आखणी जवळून पाहता येते. नवजात बाळांची घरीच काळजी घेण्यासाठी ३९ गावं निवडली, तुलनेसाठी ४७. पहिली दोन वर्षं दोन्हीकडे नुसती मोजदाद झाली. मग ३९ गावांतल्या थोडंफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाचं वजन करायचं, त्याला ऊब द्यायची, जंतुदोष ओळखायचा आणि गरज पडली तर जेंटामायसिनचं इंजेक्शनही द्यायचं.

दर हजार जन्मांमागे नवजात मृत्यूंचं प्रमाण या गावांत ६२ वरून तिसऱ्या वर्षी २५.५ वर आलं. तुलनेच्या गावांत ते आधी ५८ होतं, नंतर ६०. रस्ता किंवा पाऊस हे कारण असतं, तर तिथेही घट दिसली असती.

तरी एक शंका उरतेच, आणि ती फार महत्त्वाची आहे. बाळंतिणीच्या खोलीत बाळ जन्मतं, एकदाच क्षीण हुंकार देतं आणि निपचित पडतं. वहीत काय लिहायचं? 'मेलेलंच जन्मलं' असं लिहिलं, तर नवजात मृत्यूंचा आकडा एकही बाळ न वाचता खाली येतो. म्हणून या अभ्यासात मृतजन्म आणि पहिल्या आठवड्यातले मृत्यू यांची बेरीजही पाहिली गेली. नुसती नोंदींची अदलाबदल झाली असती, तर ती बेरीज हलली नसती. प्रत्यक्षात तीही चांगलीच उतरली.

उणीवही होती. कोणत्या गावांत उपाय करायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं नव्हतं, त्यामुळे दोन्ही भागांत मुळातच काही फरक असण्याची शक्यता पूर्ण मिटत नाही. ही टीका रास्तच. पुढे बांगलादेशातल्या सिल्हेटमध्ये गटांची यादृच्छिक निवड करून घरगुती नवजात सेवा तपासली गेली. तिथे शेवटच्या सहा महिन्यांत मृत्यू तुलनेच्या भागापेक्षा ३४ टक्के कमी आढळले, म्हणजे गडचिरोलीइतकी नाही, पण घट होतीच. २०११ पासून भारत सरकारने नवजात बाळांच्या गृहभेटींचं काम देशभरच्या आशा कार्यकर्त्यांकडे सोपवलं.