तपासनिसाने हिशेबनीस व्हावे काय?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात, पुणे येथे केलेले भाषण)



आपल्या गुणगौरव समारंभात सनदी लेखापाल झालेल्या मुलामुलींची नावे आपण कौतुकाने ऐकतो. पुढे दोनतीन वर्षे लोटली की त्यांचे पालक विचारू लागतात, “गुरुजी, चांगली ऑडिट फर्म सोडून मुलगा कंपनीच्या हिशेबखात्यात जातो म्हणतो. जाऊ द्यावे काय?” कोणास यात पगाराची वाढ दिसते, कोणास प्रतिष्ठेची घट. माझ्या अल्प मतीप्रमाणे मुख्य गोष्ट या दोहोंहून वेगळी आहे. येथे नुसती नोकरी बदलत नाही, माणसाची बाजू बदलते.

ही बाजू म्हणजे काय, हे समजण्यास पुणेकराला दूर जावयास नको. पेशवाईत मामलतदाराच्या कचेरीत दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, पोतदार, सभासद आणि चिटणीस असे आठ दरकदार असत. हिशेबाचे कागद मुजुमदाराने पाहून मान्य करावयाचे आणि मग ते फडणिसाकडे जावयाचे. रोजकीर्द फडणिसाने ठेवावयाची. शिवाय या दरकदारांस कामावरून दूर करण्याचा अधिकार मामलतदारास नव्हता. लिहिणारा एक, मान्य करणारा दुसरा, आणि दोघांचीही भाकरी मामलतदाराच्या हाती नाही, ही त्या व्यवस्थेतील मेख होती. आपल्यापैकी कित्येकांच्या आडनावांत हे हुद्दे अद्याप नांदत आहेत; त्यांचा अर्थ मात्र आपण विसरलो.

हेच तत्त्व २०१३ च्या कंपनी कायद्यात निराळ्या भाषेत आढळते. कंपनीच्या नोकरास तिचा लेखापरीक्षक होता येत नाही. शेअरबाजारात नोंदलेल्या कंपनीत एकच फर्म पाच पाच वर्षांच्या दोन मुदतींपलीकडे सलग राहू शकत नाही.

आता मुलाच्या कामात काय पालटते ते पाहा. मी जन्मभर वह्या तपासल्या. तांबड्या शाईने चूक दाखविणे तितकेसे अवघड नसते. फळ्यापाशी उभे राहून स्वतः गणित सोडविताना वर्गातले पन्नास डोळे पाठीला टोचतात. ऑडिटमधील तरुण “हा आकडा कशावरून?” असे विचारतो. कंपनीत गेल्यावर तो आकडा त्यालाच द्यावा लागतो. येणे असलेल्या रकमेपैकी बुडीत किती धरावी, चालू दाव्यासाठी तरतूद किती करावी, माल विकला गेला असे नेमके केव्हा मानावे, यांची उत्तरे कोणत्याही पावतीवर छापलेली नसतात. त्यातून मुदत कडक. नोंदलेल्या कंपनीने तिमाहीचे निकाल पंचेचाळीस दिवसांत आणि वर्षाचे साठ दिवसांत जाहीर करावयाचे असतात. चाकणच्या एखाद्या कारखान्याची मातृसंस्था परदेशी असली, तर तोच हिशेब येथील नियमांनी एकदा आणि त्यांच्या नियमांनी पुन्हा मांडावा लागतो. विक्रीखात्याला मोठा आकडा हवा, कर्ज देणाऱ्या बँकेला भक्कम हवा, संचालकांना गेल्या वर्षाहून बरा हवा. या सर्वांच्या मध्ये आपला मुलगा बसलेला असतो, आणि आता त्याचा पगार ‘मामलतदारा’च्या हाती असतो!

पुढे वित्तप्रमुख झाल्यावर तर ताळेबंदावर त्याची सही येते. आणि निकालांत खोटे अथवा दिशाभूल करणारे काही नाही, असे त्यास संचालक मंडळापुढे लिहून द्यावे लागते.

७ जानेवारी २००९ रोजी हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केले की, दाखविलेल्या रोख व बँकशिल्लकेपैकी ५,०४० कोटी रुपये मुळात नाहीतच. २०१५ साली तेथील विशेष न्यायालयाने दहा जणांस दोषी ठरविले. त्यांत कंपनीचे वित्तप्रमुख होते, तसेच बाहेरचे दोन लेखापरीक्षकही होते. पुढे अपिलात शिक्षा स्थगित झाल्या हे खरे. परंतु “ऑडिटमध्ये राहिला म्हणजे सुरक्षित” असे मानणाऱ्या पालकांनी हे प्रकरण अवश्य वाचावे.

तेव्हा जाऊच नये काय? तसे मुळीच नाही. उलट, कोणता कागद नसला की हिशेब लंगडा पडतो, हे ज्याने दहा ठिकाणी फिरून पाहिले आहे, त्याच्याइतका चांगला हिशेबनीस दुसरा मिळणार नाही. फक्त जाण्यापूर्वी त्याने पगाराइतकीच कसून आणखी चौकशी करावी. वित्तप्रमुखाचे ऐकून आकडा कधी बदलला आहे काय? आधीचा माणूस का गेला? लेखापरीक्षकाने मुदत संपण्यापूर्वीच राजीनामा दिला आहे काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर अडचणीचे निघाले, तर दुसरे दार पाहावे.

घरच्यांसाठीही एक व्यावहारिक गोष्ट आहे. वडील ज्या कंपनीचे लेखापरीक्षक, तिचाच वित्तप्रमुख त्यांचा मुलगा, मुलगी, सून अथवा जावई झाला, तर वडिलांस ते काम कायद्याने करता येत नाही. आपल्या वधूवर मेळाव्यात पत्रिका पाहतात. लेखापालांच्या घरी यापुढे हेही पाहावे!

पूर्णवेळ नोकरी धरल्यावर लेखापरीक्षणाच्या अहवालावर सही करण्याचा अधिकार राहत नाही, परंतु सनदी लेखापाल संस्थेचे सभासदत्व कायम असते. उद्या नोकरी सोडून नारायण पेठेत स्वतःची पाटी लावावीशी वाटली, तर व्यवसायाचा दाखला घेऊन ती लावता येते. म्हणून पालकांनी हा निर्णय जन्माचा समजून घाबरून जाऊ नये. यंदा ज्यांची उमेदवारी संपत आहे, त्यांनी आपल्या समाजातील दोन्ही बाजूंच्या एकेका अनुभवी गृहस्थास सुट्टीच्या दिवशी गाठावे आणि मार्चअखेर त्यांच्या टेबलावर काय चालते ते विचारून घ्यावे.