गिरणगाव ते तिरुवल्लिक्केणी





स्वागताध्यक्ष कसा निवडतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. गावात ज्याचा मुक्काम सगळ्यांत जुना, आणि सभागृहाच्या भाड्यात घासाघीस करायला ज्याची तमिळ कामाला येते, त्याच्या गळ्यात ही माळ पडते. आमचं घराणं मूळ तंजावरचं. सरफोजी राजांच्या धन्वंतरी महाल या वैद्यकशाळेशी पूर्वजांचा काही संबंध होता असं घरात सांगतात. मी तो कधी तपासला नाही. तपासला तर उरणार नाही अशी शंका आहे. माझी मराठी तुम्हाला थोडी जुनाट आणि थोडी तमिळ हेलाची वाटेल, तेवढी चालवून घ्या. डॉक्टरांच्या अक्षरापेक्षा ती नक्कीच कळण्यासारखी आहे.

यंदाचा विषय जीवनसत्त्वांचा आहे; मोठ्यांच्या आणि मुलांच्या. पत्रिका गेल्यावर एका तरुण सहकाऱ्यानं मला विचारलं, ‘यात नवं काय राहिलंय? अ पासून के पर्यंत शाळेत पाठ झालंय.’ पाठ झालंय हे खरं. पण आपण आज ज्या शहरात जमलो आहोत, तिथे या विषयाचा एक धडा प्रत्यक्ष घडला आणि त्याची सुरुवात मुंबईच्या कापडगिरण्यांच्या भोवतालच्या खोल्यांत झाली होती. स्वागताच्या निमित्तानं तो तुम्हाला सांगायचा आहे.

१९२८ साली लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. बाळंतपणात इतक्या बायका का दगावतात याचा शोध तिथे चालू होता आणि विल्स यांचं काम हाफकिन इन्स्टिट्यूटमधून चाले. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत एक विचित्र पंडुरोग दिसे. तांबड्या पेशी कमी, पण आकारानं मोठ्या. बाई पांढरीफटक, सुजलेली, धापा टाकणारी. लोह दिलं तरी फरक नाही. विल्स प्रयोगशाळेत बसून राहिल्या नाहीत. या बायका काय खातात, कशा राहतात, याची त्यांनी घराघरांत पाहणी केली. त्यांच्या शोधनिबंधांवर सहलेखक म्हणून तळपदे आणि मेहता ही नावं आहेत, तेव्हा वस्तीत बोलायला आपली माणसं होती. पाहणीतून निघालं ते असं, की हा आजार सगळ्या थरांत सारखा नव्हता. गिरणीत राबणाऱ्या गरीब बायकांत, विशेषतः मुसलमान वस्त्यांत, तो जास्त होता; खाऊनपिऊन सुखी घरांत कमी. मग तसंच निकृष्ट अन्न माकडांना देऊन पाहिलं, आणि पंडुरोगानं खंगलेल्या माकडाला मार्माइट दिलं. मार्माइट म्हणजे दारूभट्टीत उरलेल्या यीस्टचा काळा, खारट अर्क, इंग्रज लोक पावाला लावतात तो. माकड सुधारलं. बायकांना दिलं, त्याही सुधारल्या. तेव्हा पंडुरोगावर यकृताचा अर्क देत. त्याच्या मानानं ही गोष्ट फारच स्वस्त होती.

१९३१च्या सुरुवातीला विल्स काम करत होत्या ते मद्रासच्या कास्ट अँड गोशा हॉस्पिटलात. पडदा पाळणाऱ्या आणि सोवळंओवळं मानणाऱ्या घरांतल्या बायकांसाठी १८८५ साली सुरू झालेला हा दवाखाना. मेरी शार्लिब यांच्या पुढाकारानं तो उभा राहिला, आणि त्या स्वतः मद्रास मेडिकल कॉलेजात शिकलेल्या पहिल्या स्त्रियांपैकी होत्या. आज त्याचं नाव कस्तुरबा गांधी रुग्णालय आहे, पण रिक्षावाल्याला ‘गोशा आस्पत्तिरि’ म्हटलं की तो बरोबर नेऊन सोडतो. त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये विल्स यांचा निबंध आला. मार्माइटमध्ये नेमकं काय आहे हे त्यांना माहीत नव्हतं. लोक त्याला नुसतं ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले.

आता दुसरं नाव. हे रुग्णालय ज्या तिरुवल्लिक्केणीत, म्हणजे ट्रिप्लिकेनमध्ये आहे, तिथल्याच हिंदू हायस्कूलमध्ये येल्लाप्रगडा सुब्बाराव नावाचा भीमावरमचा मुलगा शिकला. पुढे तो मद्रास मेडिकल कॉलेजात गेला. गांधीजींच्या हाकेला ओ देऊन शस्त्रक्रियेच्या वेळी खादीचा झगा घालू लागला, शस्त्रक्रियेच्या प्राध्यापकांना ते खपलं नाही, आणि एमबीबीएसऐवजी त्याच्या हातात एलएमएसची खालची पदवी पडली. त्याचे दोन भाऊ स्प्रूनं गेले. या रोगात आतड्यात अन्न शोषलं जात नाही आणि माणूस खंगत जातो. १९२२ साली सुब्बाराव अमेरिकेला निघाले ते परत आले नाहीत. १९४१ साली टेक्सासमधल्या संशोधकांनी टनावारी पालकातून एक आम्ल वेगळं केलं. १९४५ साली लेडर्ले या औषधकंपनीत सुब्बारावांच्या हाताखालच्या गटानं ते आम्ल प्रयोगशाळेत तयार केलं. तेच फॉलिक अॅसिड. विल्स यांच्या मार्माइटमधली गुणकारी गोष्ट तीच. आणि ते स्प्रूच्या रोग्यांनाही लागू पडलं. भावांसाठी उशीर झाला होता. सुब्बाराव स्वतः १९४८ साली, ५३व्या वर्षी गेले.

हे सांगितलं ते ऊर भरून यावा म्हणून नव्हे. यात एक तपशील असा आहे की जो मला आजच्या आपल्या चर्चेचा गाभा वाटतो. विल्स यांच्या रोग्यांवर यकृताचा ओबडधोबड अर्क चाले, पण शुद्ध केलेला अर्क चालत नसे. याचं कारण खूप नंतर उलगडलं. शुद्ध अर्कात होतं ते ब-१२, आणि या बायकांना कमी पडत होतं ते फॉलेट. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही उणिवांचं रक्त सारखंच दिसतं, पण एकीचं औषध दुसरीला चालत नाही. उलट, ब-१२ कमी असलेल्या माणसाला नुसतं फॉलिक अॅसिड दिलं तर रक्त सुधारतं, डॉक्टर खूश होतो, आणि मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालूच राहते. कोणाला, नेमकं काय, आणि कधी कमी पडतंय? हे न विचारता ‘एक मल्टिव्हिटॅमिन लिहून देतो’ म्हणणाऱ्या डॉक्टरांनी हा किस्सा चिठ्ठीच्या पॅडवर छापून घ्यावा असं माझं प्रांजळ मत आहे.

आणि हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीचा नाही. पुण्याजवळच्या गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३पासून गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. तिथे फॉलेट कमी असलेली बाई शोधून सापडेना. ब-१२ मात्र साधारण दोनतृतीयांश जणींत कमी. आणि ज्या आयांचं ब-१२ कमी, पण फॉलेट जास्त, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त दिसली. शाकाहारी घर, दुधाचा चहा एवढंच दूध, आणि सरकारी गोळीतलं फॉलिक अॅसिड, असं ते गणित. ब-१२ वनस्पतींतून मिळत नाही हे आपण सगळ्यांना सांगतो. पण अंगावर पिणाऱ्या बाळाचं ब-१२ आईच्या ताटातून येतं हे किती घरांत सांगतो? सहा-आठ महिन्यांचं बाळ फिकं पडतं, बोटांच्या पेरांवर काळसरपणा येतो, केस विरळ होतात, बसायला शिकलेलं बसेनासं होतं, हात थरथरतात. आया ‘नजर लागली’ म्हणून आणतात. आपल्यापैकी बहुतेक बालरोगतज्ज्ञांनी असं बाळ पाहिलेलं असेल.

मोठ्यांकडे वळायचं तर चेन्नईला मधुमेहाचं शहर म्हणतात, आणि मधुमेहावर मेटफॉर्मिन देतात. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्याच्या पोटात ब-१२ नीट शोषलं जात नाही. पायाला मुंग्या आल्या की तो मधुमेहाला दोष देतो, डॉक्टरही देतो, आणि ब-१२ची तपासणी राहून जाते.

फॉलिक अॅसिडचं ‘कधी’ तर फारच काटेकोर. गर्भाच्या मज्जारज्जूची नळी अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आसपास मिटते. त्या वेळी अनेक बायकांना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. ज्यांना आधी ही नळी न मिटलेलं बाळ झालं होतं अशा स्त्रियांवरच्या, १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत, गरोदरपणाच्या आधीपासून फॉलिक अॅसिड घेतल्यावर ही विकृती ७२ टक्क्यांनी कमी झाली. आपल्याकडे मात्र बाईची नोंद होते, मग गोळी मिळते. आठवड्याला एक निळी गोळी शाळेतल्या मुलींना देण्याच्या योजनेचं मला महत्त्व वाटतं ते म्हणूनच. लग्नाआधी, घाईशिवाय, थोडं थोडं आत गेलेलं असतं.

थोडं वर, निलगिरीत जाऊ. कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनी १९१८ साली बेरीबेरीच्या चौकशीसाठी एका खोलीत काम सुरू केलं. त्यातूनच पुढे आपली हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था उभी राहिली. मॅक्कॅरिसन यांनी हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या लोकांचा आहार उंदरांना देऊन पाहिला. शीख आहाराचे उंदीर पहिले, पठाणी दुसरे, मराठा आहाराचे तिसरे, आणि मद्रासी आहाराचे अगदी शेवटी. मी दोन्ही ताटांवर वाढले, त्यामुळे हा निकाल मला एकाच वेळी अभिमानाचा आणि अपमानाचा वाटतो. पण मद्रास इलाख्यातच एक गंमत होती. बेरीबेरी होती ती उत्तरेकडच्या तेलुगू किनाऱ्यावर, जिथे गिरणीत सडलेला कच्चा पांढरा तांदूळ खात. तमिळ मुलखात ती क्वचित. कारण इथे साळी भिजवून, वाफवून, वाळवून मग सडतात. ज्याच्या अभावी बेरीबेरी होते ते कोंड्यातलं थायमिन वाफवताना दाण्यात मुरतं आणि सडल्यावरही बरंच टिकतं. कोकणातल्या आणि गोव्यातल्या मंडळींना हे सांगायला नको. त्यांच्या पेजेचा उकडा तांदूळ तोच. पॉलिश केलेला कच्चा तांदूळ प्रतिष्ठेचा आणि उकडा गरिबाचा असं आमच्याकडेही मानतात. त्या प्रतिष्ठेची किंमत तेलुगू किनाऱ्यानं मोजली.

मुलांच्या बाबतीत अ जीवनसत्त्वावर मात्र आपल्यात मतभेद आहेत आणि ते दुपारच्या सत्रात मोकळेपणानं निघावेत. १९९० साली तिरुचिरापल्ली जिल्ह्यातल्या पंधरा हजारांहून जास्त लहान मुलांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. दर आठवड्याला घरी जाऊन, अन्नातून मिळायला हवं साधारण तेवढंच अ जीवनसत्त्व दिलं, आणि मृत्यू ५४ टक्क्यांनी घटले. दुसरीकडे उत्तर प्रदेशात सहा महिन्यांनी एकदा मोठा डोस देऊन दहा लाख मुलांवर केलेल्या पाहणीत, २०१३ साली, फरक जवळजवळ दिसलाच नाही. डॉ. सी. गोपालन, मूळचे सेलमचे, मद्रास मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी, राष्ट्रीय पोषण संस्थेचे संचालक. मोठ्या डोसचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळात १९७० साली सुरू झाला, आणि पुढे तेच त्याचे कडक टीकाकार झाले. ताटात पालेभाजी, अंडं, थोडं तेल घाला, असा त्यांचा आग्रह. तेलाचा उल्लेख मी मुद्दाम करते. त्याच्याविना पाल्यातलं कॅरोटिन नीट आत जात नाही. मी गोपालन यांच्या बाजूची आहे, पण ज्या पाड्यावर अंडं पोचत नाही तिथे मोठा डोस बंद करा म्हणायला माझी जीभ वळत नाही.

अंडं पोचवण्याबद्दल या राज्याला थोडं श्रेय द्यायला हवं. मद्रास महापालिकेनं १९२० साली थाउजंड लाइट्स भागातल्या शाळेत मुलांना जेवण द्यायला सुरुवात केली, मुख्यमंत्री म्हणून कामराजांनी १९५६ साली ते राज्यभर नेलं, एमजीआर यांनी १९८२ साली वाढवलं, आणि आज त्या ताटात अंडं असतं. महाराष्ट्रातून आलेल्यांनी अंड्यावरून तिकडे होणारे वाद आठवावेत, मी काही बोलत नाही.

ड जीवनसत्त्वावर बोलायला उद्या चांगले वक्ते आहेत. एवढंच म्हणते की इतक्या उन्हाच्या शहरात ते कमी पडतं, कारण मुलं व्हॅनमधून शाळेत आणि शाळेतून शिकवणीला जातात. आणि गुडघे दुखतात म्हणून सहा लाख युनिटांची इंजेक्शनं महिन्यामागून महिने टोचून घेणाऱ्यांची मूत्रपिंडं त्याची किंमत देतात.

आता कामाच्या सूचना. पहिलं सत्र साडेदहाला सुरू होईल. वक्त्यांनी वेळ पाळावी, घंटा माझ्या हातात आहे. दुपारच्या जेवणाला उकड्या तांदळाचा भात, सांबार, शेवग्याच्या पाल्याचं पोरियल आणि ताक आहे. अंडी वेगळ्या टेबलावर ठेवली आहेत. सांबार तंजावरच्या मराठ्यांचं की नाही हा वाद कृपया जेवतानाच मिटवा, सभागृहात आणू नका. उद्या सकाळी सातला ट्रिप्लिकेनची फेरी आहे. ज्यांना यायचं त्यांनी नोंदणीच्या टेबलावर नाव द्यावं. रुग्णालय बाहेरूनच पाहायचं आहे. आत बाळंतिणी आहेत, फोटो काढू नयेत. चप्पल मजबूत घाला, ऊन सातलाच चढतं.

स्वागत समितीच्या वतीनं तुम्हा सर्वांचं चेन्नईत मनापासून स्वागत करते, आणि अध्यक्षमहोदयांना परिषदेचं उद्घाटन करण्याची विनंती करते.