अमेरिकेचं स्थळ आणि दोन वर्षांचं ग्रीन कार्ड
(हैदराबादेत शिकणाऱ्या सीमाभागातल्या मराठी मुलामुलींसमोर केलेलं भाषण)



आपण कुणी बिदरचे, कुणी भालकीचे, कुणी आदिलाबादचे. या शहरात आल्यावर एक गोष्ट लगेच कळते, इथे व्हिसा हा घराघरातला विषय आहे. चिलकूरच्या बालाजीला लोक व्हिसासाठी 11 प्रदक्षिणा घालतात आणि काम झालं की 108. आता आपल्याकडेही ‘अमेरिकेचं स्थळ’ येतं. मुलाचा पगार विचारला जातो, पत्रिका बघितली जाते. पण मुलगी तिथे कोणत्या कागदावर राहणार, हे कुणी विचारत नाही. आज त्याच कागदाबद्दल बोलायचंय.

नवरा एच-वन-बी व्हिसावर असेल तर बायको एच-फोरवर जाते. हा दर्जा सगळा नवऱ्याच्या आधारावर. घटस्फोटाचा अंतिम हुकूम झाला की तो संपतो. म्हणून त्याआधीच विद्यार्थी किंवा नोकरी असा स्वतःचा दर्जा मिळवायच्या मागे लागावं लागतं.

नवरा अमेरिकन नागरिक असेल तर गोष्ट वेगळी. ग्रीन कार्डवर तिथे राहायला लागताना लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील, तर ते कार्ड सशर्त असतं, दोनच वर्षांचं. खोटी लग्नं रोखायला 1986 मध्ये हा कायदा झाला. मुदत संपण्याआधीच्या 90 दिवसांत दोघांनी मिळून आय-751 हा अर्ज भरायचा, दोघांच्या सह्यांनी. गोम इथेच आहे. ‘सही करणार नाही, परत पाठवीन’ या एका धमकीवर बाई मार खात घरात राहू शकते.

पण एकट्याने अर्ज करायची वाट कायद्यातच आहे. लग्न खरोखर संसारासाठी केलं होतं आणि ते घटस्फोटाने संपलं किंवा कोर्टाने रद्द ठरवलं, तर नवऱ्याच्या सहीशिवाय अर्ज करता येतो. त्याला ती 90 दिवसांची अट नाही. छळ झाला असेल तर घटस्फोटाचीही वाट बघावी लागत नाही. पुरावा मात्र लागतो: दोघांच्या नावचं बँक खातं, घरभाड्याचा करार, विमा, फोटो, मेसेज. आणि लग्न रद्द कशामुळे झालं, हेही बघितलं जातं. फसवणूक तिनेच केली असं हुकमात आलं, तर पुढे अवघड जातं.

आता आपल्या बाजूचा कायदा. सर्वोच्च न्यायालयाचा 1991 चा नरसिंह राव विरुद्ध वेंकट लक्ष्मी हा निकाल वाचा. लग्न तिरुपतीला झालेलं. नवऱ्याने अमेरिकेत मिसुरीच्या कोर्टातून घटस्फोट आणला आणि इथे यादगिरीगुट्ट्याला दुसरं लग्न केलं. कोर्टाने तो घटस्फोट मानला नाही. लग्न ज्या कायद्याने झालं, त्या कायद्यातलं कारण हवं. नाहीतर बायकोने स्वतः हजर राहून बाजू मांडलेली किंवा संमती दिलेली हवी. निकाल बाईच्या बाजूचा आहे, पण त्यातून एक पेचही उभा राहतो: तिकडे घटस्फोटित, इकडे विवाहित.

आणि फक्त अमेरिकेला नावं ठेवू नका. भारतीय माणसाशी लग्न केलेल्या परदेशी व्यक्तीला ओसीआय कार्ड हवं असेल, तर नोंदणी झालेलं लग्न सलग दोन वर्षं टिकलेलं लागतं. लग्न मोडलं तर सरकार ते कार्ड रद्द करू शकतं. 2015 च्या दुरुस्तीने हे कायद्यात आलंय.

राज्यशास्त्राच्या वर्गात आम्ही नागरिक आणि राज्य यांचं नातं शिकतो. इथे त्या दोघांच्या मध्ये नवरा उभा आहे. राज्याने एका माणसाच्या हातात दुसऱ्याचा मुक्काम दिलाय.

म्हणून बहिणीचं, मैत्रिणीचं असं स्थळ ठरत असेल तर तीन गोष्टी सांगा. लग्नाची नोंदणी करून घे. पासपोर्ट स्वतःजवळ ठेव आणि सगळ्या कागदांच्या प्रती माहेरी ठेव. आणि परदेशी कोर्टाचं पत्र आलं तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नको, पण ते फेकूनही देऊ नको. पत्रिका बघायला आपल्याकडे वेळ असतो. व्हिसाचा कागद बघायला त्याहून कमी लागतो.