रंगारी आणि ऋणको
(पेठ येथील कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



राजाचे तैलचित्र राजवाड्यात लागते, नगराध्यक्षाचे नगरपालिकेच्या सभागृहात आणि देणगीदाराचे शाळेच्या कचेरीत. व्यक्तिचित्रणाची कला आपल्याकडे अशा भिंतींच्या आश्रयाने वाढली. ज्याच्यापाशी चित्रकाराला समोर बसवून घेण्याइतका पैसा आणि वेळ, त्याचाच चेहरा पुढील पिढ्यांसाठी उरला. कुळाचा, मजुराचा, ऋणकोचा चेहरा कोणी रंगवावा? या प्रश्नाचे एक उत्तर कोल्हापूरच्या एका कारागिराने दिले. त्यांचे नाव बाबूराव पेंटर.

त्यांचे मूळ आडनाव मेस्त्री. जन्म 3 जून 1890 रोजी कोल्हापुरात झाला. वडील कृष्णराव सुतारकामात आणि लोहारकामात वाकबगार होते. मुलाने कलाशाळेत शिक्षण घेतले नाही. घरातील हत्यारे हीच त्याची शाळा. चुलतभाऊ आनंदराव यांच्या बरोबरीने त्याने संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले, तैलरंगात व्यक्तिचित्रे केली. लोक या भावांना ‘पेंटर’ म्हणू लागले आणि तेच आडनाव रूढ झाले. ज्या समाजात माणसाची ओळख जन्मावरून ठरते, तेथे हाताच्या कामाने मिळविलेले हे नाव होते. त्याचे मोल कोणत्याही पदवीहून कमी नाही.

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 साली आला आणि या दोघा भावांना चित्रपटाचा ध्यास लागला. 1916 साली आनंदराव वारले. बाबूरावांनी काम सोडले नाही. विलायती कॅमेऱ्यासाठी पैसा नव्हता, तेव्हा सहकाऱ्यांच्या मदतीने कोल्हापुरातच त्यांनी कॅमेरा तयार केला. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली, ती गायिका तानीबाई कागलकर यांनी दिलेल्या भांडवलावर. एका कारागिराच्या बुद्धीला एका कलावतीच्या कमाईने हात दिला, याची नोंद आपल्या इतिहासाने ठळकपणे करावयास हवी.

‘सैरंध्री’ 1920 साली पडद्यावर आला. लोकमान्यांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरविले. पण येथे पाहण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. रंगांचा हा जाणकार अशा माध्यमात उतरला होता, जेथे रंगच नव्हता. त्याने रंगांचे काम छाया-प्रकाशाकडे सोपविले. रंगविलेल्या पडद्यांऐवजी खोली असलेले देखावे उभारले, दृश्यांची आणि वेषभूषेची रेखाटने आधी कागदावर केली आणि ‘सिंहगड’मध्ये कृत्रिम प्रकाश वापरला. चित्रपटांची रंगीत भित्तिपत्रकेही ते स्वतः करीत. 1924 च्या ‘कल्याण खजिना’चे भित्तिपत्रक प्रसिद्ध आहे.

यानंतर, 1925 साली, ‘सावकारी पाश’ आला. कथा नारायण हरी आपट्यांची, शेतकऱ्याच्या भूमिकेत तरुण व्ही. शांताराम. सावकार जमीन गिळतो आणि शेतकरी गाव सोडून शहरात गिरणी कामगार होतो. पौराणिक आणि ऐतिहासिक कथांनी पडदा भरला असताना बाबूरावांनी कर्जबाजारी कुणब्याला मध्यभागी उभे केले. व्यक्तिचित्रकाराची नजर येथे सार्थकी लागली. पैसे देऊन समोर बसणे ज्याला कधीच शक्य नव्हते, त्याचे हे व्यक्तिचित्र होते. 1936 साली त्यांनी हाच विषय बोलपटात पुन्हा हाती घेतला. म्हणजे तो त्यांना ओझरता सुचलेला नव्हता.

पेठच्या माणसाला या कथेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. 1857 च्या अखेरीस पेठ संस्थानात हरसूलच्या बाजारावर कोळ्यांचा उठाव झाला आणि पेठचा राजा भगवंतराव फासावर गेला. 1875 साली सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. सरकारने 1879 साली शेतकरी कायदा केला. आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदा महाराष्ट्रात 1974 पर्यंत थांबला. कायदा उशिरा येतो; त्याच्याआधी अन्यायाचा चेहरा लोकांना दिसावा लागतो. कलावंताचे राजकीय मोल येथे आहे. तो घोषणा देत नाही, पण जे पाहावयाचे टाळले जाते ते समोर आणून ठेवतो.

बाबूरावांना गौरव मिळाला, स्थैर्य मिळाले नाही. 1929 साली दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर या त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या मंडळींनी बाहेर पडून ‘प्रभात’ काढली. पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. बाबूराव कुंचल्याकडे आणि शिल्पाकडे परतले. 16 जानेवारी 1954 रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या कारखान्यात शिकलेल्यांनी मराठी चित्रपट वाढविला, ही त्यांची खरी मिळकत.

पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर बोहाड्याचे मुखवटे कोरणारे आणि रंगविणारे हात आहेत. तेही बाबूरावांच्याच जातकुळीचे, म्हणजे कारागिरांच्या कुळीचे. पण त्यांच्या कामाखाली नाव नसते. पुढाऱ्यांच्या तसबिरींना हार घालणाऱ्या कार्यकर्त्याने आधी या हातांची नावे लिहून घ्यावीत. पाड्यावर कोणाची जमीन कोणाच्या नावे चढली, हेही त्याच वहीत टिपावे. चेहरा आणि सातबारा, दोन्ही हिरावले जातात ते एकाच माणसाचे.